उंची वाढली की वजन उतरेल का?

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुमच्या लक्षात येईल. मुलगा दहा वर्षांचा, उंची १४० सेंटिमीटर, वजन ५२ किलो. गेल्या वर्षभरात मानेभोवती काळा पट्टा आलाय आणि तो कितीही घासला तरी जात नाही. शाळेत 'जाड्या' म्हणून चिडवतात, म्हणून तो खेळाच्या तासाला वर्गातच बसून राहतो. सासऱ्यांना मधुमेह आहे. सासूबाई म्हणतात, "खात्यापित्या घरचं पोर आहे, उंची वाढली की आपोआप उतरेल." आणि तुम्ही विचारलंय की याला डाएटवर ठेवू का, जिमला घालू का, की हे थायरॉइडचं आहे?

मी नाशिकला गेली सव्वीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करते. तुमचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण खरा पेच मला सासूबाईंच्या वाक्यात दिसतो. वाट पाहायची की काही करायचं, हे ठरल्याशिवाय बाकीच्या प्रश्नांना अर्थ नाही. त्या अर्ध्या बरोबर आहेत. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लांबलचक उत्तर.

आधी आकडे. वजन किलोमध्ये घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. या आकड्याला बीएमआय म्हणतात. तुमच्या मुलाचं उत्तर येतं साधारण २६.५. मोठ्या माणसाच्या बाबतीत एवढ्या आकड्यावर आपण लगेच काही तरी बोलतो, पण मुलांना मोठ्यांचे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण वयाप्रमाणे हा आकडा बदलत असतो. त्यासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ सालचे वाढीचे तक्ते आहेत. मुलगा असाच वाढत राहिला तर मोठेपणी त्याचा आकडा २३ किंवा २७ होईल, अशा दोन रेषा त्या तक्त्यावर प्रत्येक वयासाठी काढलेल्या असतात. पहिल्या रेषेच्या वर गेलं की जादा वजन, दुसरीच्या वर गेलं की लठ्ठपणा. तुमचा मुलगा आज दहाव्या वर्षीच २६.५ वर आहे, म्हणजे दुसऱ्या रेषेच्याही बराच वर. त्यामुळे 'जरा अंगाने भरलेला आहे' असं म्हणून सोडून देण्याजोगं हे नाही, एवढं मी तुम्हाला स्पष्ट सांगते.

आता उंचीचं गणित. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. दोन वर्षांनी तो १५२ च्या आसपास असेल. समजा या दोन वर्षांत वजन ५२ वरच थांबलं, तर आकडा २२.५ होतो. एक किलोही न उतरवता, कुणालाही उपाशी न ठेवता! सासूबाई बरोबर आहेत ते इथे. पण समजा वजन वर्षाला सात किलोच्या वेगाने वाढत राहिलं, तर दोन वर्षांनी तो ६६ किलोचा असेल आणि उंची वाढूनही आकडा २८.५ च्या पुढे जाईल. म्हणजे उंची आपलं काम करते, पण वजन थांबलेलं असेल तरच. आणि ते आपोआप थांबत नाही.

शिवाय उंचीची ही मदत कायमची नसते. वजनदार मुलं दहाव्या वर्षी वर्गात उंच दिसतात, आईवडिलांना त्याचं बरंही वाटतं. पण बऱ्याचदा त्यांची हाडं वयाच्या पुढे गेलेली असतात. विशेषतः मुली लवकर वयात येतात आणि त्यांची उंची लवकर थांबते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी जेव्हा घरचे म्हणतात, "आता बघायला हवं", तेव्हा हातात उरलेले सेंटिमीटर थोडे असतात आणि मग खरोखरच वजन उतरवावं लागतं, जे कितीतरी अवघड आहे. जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा आहे की लठ्ठ किशोरवयीन मुलांपैकी सुमारे ८० टक्के मोठेपणीही लठ्ठच राहतात. म्हणून मला दहाव्या वर्षी आलेला प्रश्न पंधराव्या वर्षी आलेल्या प्रश्नापेक्षा कितीतरी बरा वाटतो. तुम्ही वेळेत विचारलंत.

मानेच्या काळ्या पट्ट्याबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण ओपीडीत हा पट्टा घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाची मान आधी कुणीतरी दगडाने, लिंबाने, डाळीच्या पिठाने घासलेली असते. काही मुलांच्या मानेवर ओरखडे असतात. त्याला "नीट आंघोळ करत नाहीस" म्हणून बोलणी बसलेली असतात. ताई, तो मळ नाही. शरीरातलं इन्सुलिन वाढलं की मानेची, काखेतली, कधी बोटांच्या पेरांवरची कातडी जाड, मखमली आणि काळपट होते. पेशी इन्सुलिनला नीट दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड ते जास्त जास्त बनवायला लागतं आणि ती धावपळ मानेवर उमटते. साखर अजून नॉर्मल असते, कारण स्वादुपिंड भरून काढतंय. तुमच्या घरी आजोबांना मधुमेह आहे, म्हणून या पट्ट्याकडे मी दुप्पट लक्ष देईन. आज घरी गेल्यावर एवढं करा: मान घासणं बंद, आणि त्याला सांगा की ही तुझी चूक नव्हती. वजनाचा वेग थांबला की पट्टा महिन्यागणिक फिका होत जातो. माझ्या पेशंटमध्ये काट्यावर फरक दिसायच्या आधी कधी कधी मानेवरच दिसतो.

आपल्याकडे हे लवकर का होतं, याचं एक उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. बाळ लहान, हातपाय बारीक, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ राखलेली. दिसायला बारीक, आतून चरबीदार. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी २००४ साली स्वतःचंच उदाहरण छापलं: दोघांचाही आकडा २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून आपल्या मुलांत थोडं वजन वाढलं तरी पोटाच्या आत आणि यकृतात चरबी साठायला लागते. तुम्ही मुलाचं जन्माचं वजन लिहिलेलं नाही. अडीच किलोच्या आत जन्मून पहिल्या दोन-तीन वर्षांत भराभर भरलेलं मूल असेल, तर मी जास्त सावध राहते.

इथेच आपल्या घरांतली एक गोष्ट सांगते, कारण मला वाटतं बऱ्याच मुलांची कथा तिथून सुरू होते. वर्षाच्या आसपास बाळ गुटगुटीत असतं. मग ते चालायला-पळायला लागतं आणि बाळसं ओसरतं. दोन ते पाच या वयात मूल बारीक दिसणं, बरगड्या जाणवणं हा निसर्गक्रम आहे. मघाचा तो आकडा या वर्षांत खाली येतो आणि पाच-सहा वर्षांच्या सुमाराला पुन्हा वर वळतो. हे वळण जितकं लवकर येतं, तितका पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त. पण नेमक्या याच वर्षांत घर घाबरतं. "सुकलाय नुसता." "काहीच खात नाही." मग मोबाइल समोर धरून घास भरवणं, दुधात पावडर, दिवसाला तीन-चार ग्लास दूध, भूक वाढवायचं टॉनिक, आणि "निदान बिस्किट तरी खाल्लं" यातलं समाधान. मूल पोट भरल्याची खूण करतं, तोंड फिरवतं, आणि आपण ती खूण मोडून काढतो. चार वर्षं हे केल्यावर आठव्या वर्षी त्याला "आता पुरे, थांब" म्हणून काय उपयोग? थांबायचं कसं ते आपणच त्याला विसरायला लावलेलं असतं.

तुमचा मुलगा त्या वळणाच्या वयात होता नेमका २०२० च्या सुमाराला. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, बालवाडी मोबाइलवर आली, सोसायटीच्या मैदानाला कुलूप लागलं. त्या काळात चार-पाच वर्षांची असलेली मुलं पुढे माझ्याकडे लसीकरणाला आली तेव्हा वजनकाट्याकडे मी दोनदा पाहत होते. यात आईवडिलांचा दोष काढायला मी बसलेली नाही. काय घडलं ते समजलं तर काय बदलायचं ते समजतं.

आणि हे तुमच्या एकट्याच्या घरातलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेसोबत झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार भारतात ५ ते १९ वयाची लठ्ठ मुलं १९९० साली सुमारे चार लाख होती, ती २०२२ साली सव्वा कोटी झाली. त्याच महाराष्ट्रात मेळघाट आणि नंदुरबारमध्ये मुलं अजून कमी वजनाची आहेत. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि म्हणूनच जाड मूल म्हणजे सुदृढ मूल हा आपला समज इतका चिवट आहे.

सासूबाईंबद्दल एक विनंती. त्यांच्याशी या विषयावर भांडू नका. त्यांच्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिलाय, सुकडी आणि मिलोची लाल भाकरी पाहिलीय. भरलेलं मूल म्हणजे घरावरचं संकट टळलं, हे त्यांच्या हाडात आहे. माझ्या ओपीडीत सगळ्यात चांगले बदल झाले ते आजीला बाजूला काढून झाले नाहीत, आजीच्या हातात काम देऊन झाले. पुढे सांगतेच.

आता तपासण्या. थायरॉइडचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते. उत्तर उंचीत असतं. थायरॉइड किंवा दुसऱ्या हार्मोनच्या आजाराने वजन वाढतं तेव्हा उंची खुंटते. मूल जाड आणि वयाच्या मानाने बुटकं असेल, तर मी कसून शोध घेते. तुमचा मुलगा १४० सेंटिमीटर आहे, वयाला चांगला उंच, म्हणजे हार्मोनचा आजार असण्याची शक्यता फार कमी. गेल्या दोन-तीन वर्षांच्या उंचीच्या नोंदी शाळेत किंवा लसीकरणाच्या कार्डावर मिळाल्या तर पाहा. उंची नियमित वाढत असेल तर निश्चिंत राहा. एक सावधगिरी: लठ्ठ मुलांत थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच किंचित वाढलेला दिसतो. तो बहुतेक वेळा वजनाचा परिणाम असतो, कारण नसतो. तेवढ्यावरून गोळी सुरू केलेली आणि त्या भरवशावर घरचं काहीच न बदललेली मुलं मी बरीच पाहिली आहेत.

मी काय करायला सांगेन? रक्तदाब, पण दंडाच्या मापाच्या पट्ट्याने. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटाच जास्त येतो. उपाशीपोटी साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, आणि यकृतासाठी एसजीपीटी. एसजीपीटीच्या रिपोर्टवर लॅब चाळीस-पंचेचाळीसपर्यंत नॉर्मल छापते, ती मर्यादा मोठ्यांच्या हिशेबाने असते. या वयाच्या मुलाला पंचविशीच्या पुढे गेलं तरी मी थांबून विचार करते, आणि दुप्पट-तिप्पट असेल तर सोनोग्राफीसह पुढचा तपास करते. यकृतात चरबी साठलेली दहा-बारा वर्षांची मुलं आता विरळ राहिलेली नाहीत, आणि त्यांना काहीही दुखत नसतं. उपाशीपोटी इन्सुलिन मोजायची गरज नाही. मान तेच सांगतेय, फुकटात.

काही गोष्टी मात्र वाट पाहण्याच्या नाहीत. रात्री मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकतो, दिवसा पेंगतो: कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. लंगडायला लागला, मांडी किंवा गुडघा दुखतोय म्हणाला: त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे, कारण वजनदार मुलांत खुब्याच्या हाडाचं टोक सरकू शकतं आणि दुखणं मात्र गुडघ्यात जाणवतं. खूप तहान, रात्री उठून लघवी, आणि वजन अचानक उतरायला लागणं: त्याच दिवशी साखर तपासा, आणि वजन उतरतंय म्हणून खूश होऊ नका. दम्यासाठी किंवा दुसऱ्या कशासाठी तोंडाने स्टेरॉइड चालू असेल, फिट्सचं औषध चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. स्वतःहून बंद करू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण या वयाच्या मुलाची आई बहुतेक वेळा उठताना, दाराशी हळूच विचारते, म्हणून आधीच सांगते. मुलाचं लिंग लहान दिसतं. बहुतेकांचं ते नॉर्मल मापाचं असतं, ओटीपोटाच्या चरबीत बुडालेलं असतं. डॉक्टर चरबी दाबून मोजतात आणि शंका मिटते. छातीही चरबीमुळे भरलेली दिसते. या दोन गोष्टींवरून मुलं मनातल्या मनात फार कुढतात आणि पोहायला जायला नकार देतात. त्यामुळे हे बोलून टाकलेलं बरं.

आता काय करायचं. पहिलं उत्तर तुमच्या पहिल्या प्रश्नाला: डाएट नको. दहा वर्षांच्या मुलाला वेगळं ताट, मोजून पोळी, आणि शेजारी बाबा फरसाण खातायत, हे चालत नाही. मूल चोरून खायला शिकतं, कपाटात पाकिटं सापडतात, आणि घरात एक कायमचा पोलीस तयार होतो. उपास, एक वेळचं जेवण, भात पूर्ण बंद, वजन कमी करायच्या पावडरी, काढे, यातलं काहीही वाढत्या मुलाला देऊ नका. वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली विचारणा होते. सेमाग्लुटाइडला अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस बारा वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांसाठी परवानगी मिळाली, पण दहा वर्षांच्या, अजून काहीच न बदललेल्या घरातल्या मुलासाठी तो विषय नाही.

आपलं ध्येय एवढंच: वजन पुढचं वर्षभर आहे तिथे राहू देणं. वर्षात एखादा किलो वाढला तरी मी समाधानी असेन. जे बदलायचं ते सगळ्या घराचं.

मी घरच्यांना एका आठवड्याची वही लिहायला सांगते. काय खाल्लं ते नाही, कधी आणि कुणाच्या घरात खाल्लं ते. दोघं नोकरी करतात, मूल शाळेतून आजीआजोबांकडे, तिथून क्लासला, साडेसातला घरी, अशा घरांत वहीतून जवळजवळ नेहमी तेच दिसतं. सकाळी घाईत दूध-बिस्किट. डब्यात जॅम-ब्रेड किंवा भाजी न लावता नुसती तूपसाखरेची पोळी. संध्याकाळी चार ते सहा या वेळात सगळ्यात जास्त खाणं: खारी, वेफर्स, नूडल्स, फ्रूट ड्रिंक, क्लासच्या बाहेरचा वडापाव. मग साडेनऊला टीव्हीसमोर पूर्ण जेवण. आई म्हणते, "जेवतो किती थोडं!" आणि ते खरंही असतं. जेवणात वजन नसतंच, ते त्या दोन तासांत असतं.

म्हणून मी सुरुवात जेवणापासून करत नाही, पेयांपासून करते, कारण तिथे भांडण सगळ्यात कमी आणि फायदा सगळ्यात जास्त. फ्रूट ड्रिंकच्या छोट्या पाकिटात पाच-सहा चमचे साखर असते, कोल्ड्रिंकच्या पाव लिटरमध्ये सहाहून जास्त. मुलाला दिवसभरात मिळून वरची साखर सहा चमच्यांच्या आत असावी असं आम्ही सांगतो, म्हणजे एका पाकिटात दिवस संपला. दुधातल्या पावडरीत दीडेक चमचा साखर असते आणि वर आपण अजून एक घालतो. अशा पेयांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणून ऑनलाइन विकू नका, असं केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाला २०२४ साली कंपन्यांना सांगावं लागलं, यावरून ओळखा. दूध दिवसाला दोन कप, साधं. बाकी पाणी आणि ताक. घरी काढलेला ज्यूससुद्धा नको, फळ चावून खाऊ दे.

दुसरं, चार ते सहा. इथे आजी. त्यांना म्हणा, "आई, हा शाळेतून येतो तेव्हा त्याला खरं जेवण लागतं, आणि ते तुमच्याच हातचं तो खाईल." ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ, भरपूर काकडी घातलेलं थालीपीठ, शेंगदाणे-चणे, मुगाचं धिरडं, अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं. चार वाजता व्यवस्थित पोट भरलं की क्लासबाहेरच्या गाडीकडे पाय वळत नाहीत. रात्रीचं जेवण आठच्या आत आणि हलकं. तूप बंद करू नका, चमचाभर राहू दे. आजीशी तुपावरून वाद झाला की बाकी सगळं हरलं.

तिसरं, घरात काय आणायचं. वेफर्स, क्रीमची बिस्किटं, नूडल्सची पाकिटं महिन्याच्या किराण्यातून काढा. घरात नाहीत म्हटल्यावर 'नको' म्हणायची वेळच येत नाही. आठवड्यातून एकदा बाहेर जाऊन वडापाव, पाणीपुरी, जे आवडतं ते सगळ्यांनी मिळून खुशाल खा, त्या दिवशी चेहरा पाडू नका. आणि अभ्यास केला म्हणून चॉकलेट, रडला म्हणून आइस्क्रीम, हा व्यवहार थांबवा. शाळेच्या कॅन्टीनबद्दलही बोला. जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पालकसभेत हा नियम काढून दाखवणारी एक आई पुरेशी असते.

जिमचं विचाराल तर नको. व्यायामाने खाल्लेलं फेडता येतं हा हिशेबही नको: एका वडापावच्या तीनशेच्या आसपास कॅलरी, आणि तुमच्या मुलाने अर्धा तास भरभर चालून जेमतेम शंभर-सव्वाशे खर्च होतात. खेळ हवा तो स्नायूंसाठी, इन्सुलिन नीट चालावं म्हणून, झोप लागावी म्हणून, आणि त्याला स्वतःच्या शरीराबद्दल पुन्हा बरं वाटावं म्हणून. रोज तासभर, दोन-तीन तुकड्यांत चालेल. धावण्याच्या शर्यतीत तो शेवटचा येणार आणि सगळे हसणार, तिथून सुरुवात करू नका. जिथे वजनाची अडचण होत नाही किंवा उपयोगच होतो असं काही शोधा: पोहणं, सायकल, ज्युदो, तालमीतली कुस्ती, कबड्डी. एका मुलाला त्याच्या मामाने कुस्तीच्या आखाड्यात नेलं. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही, पण तो मान वर करून ओपीडीत शिरला, आणि मला तेव्हाच कळलं की हे जमणार. झोप नऊ तासांच्या वर हवी आणि मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर. कमी झोपलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी जास्त आणि गोडच भूक लागते.

चिडवण्याबद्दल वर्गशिक्षकांना भेटा, मुलाला नकळत. आणि घरात, लाडानेसुद्धा, 'गोलू', 'मोटू' बंद. तो हसतो म्हणजे त्याला लागत नाही असं नाही. खेळाच्या तासाला वर्गात बसणारं मूल मला त्याच्या एसजीपीटीपेक्षा जास्त काळजीचं वाटतं, कारण तिथून पुढे तो खेळही सोडतो आणि मग एकटा बसून खातो.

किती वेळ लागेल हे तुमच्या घरावर आहे. दोन्ही स्वयंपाकघरं एकमताने चालली तर तीन-चार महिन्यांत वजनाची चढण थांबते. आजीकडे एक आणि तुमच्याकडे एक असं चाललं तर वर्ष जातं. तो वयात येऊ लागला असेल तर उंचीचा झपाटा लवकरच सुरू होईल आणि आपल्याला फायदा होईल. तेही डॉक्टर तपासून सांगतील. रिपोर्टमध्ये सरासरी साखर ५.७ किंवा वर आली, तर मात्र माझ्या या सगळ्या सबुरीला कमी जागा आहे. मग तुमच्या जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडून मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाकडे जा.

या रविवारी एक करा. दाराच्या चौकटीला त्याला उभं करून पेन्सिलीने उंचीची खूण करा, शेजारी तारीख घाला. वजनकाटा उचलून माळ्यावर ठेवा, महिन्यातून एकदाच काढा. त्याच्यासमोर बोलायचं ते फक्त त्या पेन्सिलीच्या खुणेबद्दल. तीन महिन्यांनी उंची आणि वजन दोन्ही मला कळवा, आणि मानेचा रंग कसा आहे तेही. जन्माचं वजन सापडलं तर आधीच कळवा.